वसंतास, हॅम्बुर्गहून

हॅम्बुर्ग,
१८ जानेवारी

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मे महिन्यात तू आणि वहिनी इकडे येताय हे वाचून घरात सगळे खूश आहेत. "नुसती नावं नकोत, काय बघायचं आणि का बघायचं ते लिही," असं तू बजावलंयस, म्हणून आज सुट्टीचा दिवस धरून बसलोय. टूरवाल्यांची यादी तुला कुठेही मिळेल. पण ज्याने उभी हयात मुंबईच्या गोदीत यारी, म्हणजे क्रेन, चालवली त्याला हे शहर निराळं दिसणार, आणि मलाही ते तुला तसंच दाखवायचंय. माल कुठून आला, कुणी उचलला आणि त्या पैशातून काय उभं राहिलं, एवढं धरून चाललास की हॅम्बुर्गमधली प्रत्येक इमारत तुझ्याशी बोलेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. हे बंदर समुद्रकाठी नाही. उत्तर समुद्र इथून शंभरएक किलोमीटर लांब, आणि मधे आहे एल्ब नदी. पण भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत येते. दिवसातून दोनदा पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं आणि उतरतं. तू खाडीकाठचा, तुला हे समजावून सांगायला नको. इथल्या मुख्य धक्क्याचं नाव लांडुंग्सब्र्युकन. तो पाण्यावर तरंगतो. जवळजवळ ७०० मीटर लांबीचे पाँटून, म्हणजे पोकळ तराफे, एकाला एक जोडलेत आणि काठावरून त्यांच्यावर उतरायला लोखंडी पूल टाकलेत. भरतीला हे पूल जवळपास आडवे असतात. ओहोटीला इतके कलतात की वहिनींना तुझा हात धरावा लागेल. धक्क्याच्या दगडी इमारतीच्या टोकाला बुरूज आहे, त्यावर घड्याळ तर आहेच, शिवाय नदीची पातळीही दिसते. घाईत असलेली माणसंसुद्धा जाता जाता तिकडे नजर टाकतात.

भरतीबरोबर गाळही आत येतो. त्यामुळे गाळ उपसणारे ड्रेजर इथे कायम कामावर. मोठी जहाजं यायची तर नदी खोल करायला हवी, आणि नदी खोल केली की भरती आणखी जोरात येते, गाळ आणखी साचतो. ह्यावरून इथे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. मासेमारी करणारे, फळबागवाले, पर्यावरणवाले एका बाजूला आणि बंदरवाले दुसऱ्या. दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

त्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरीबोट पकड. साधं शहरातल्या बसचं तिकीट चालतं, त्यासाठी टूरचे वेगळे पैसे भरू नकोस. वरच्या उघड्या डेकवर उभा राहा, डोक्याला कानटोपी असू दे, मे महिन्यातही वारा बोचतो. डावीकडे ब्लोम उंड फॉस ह्या जहाज बांधणी कारखान्याच्या तरंगत्या सुक्या गोद्या दिसतील, उजवीकडे आल्टोनाचा जुना मासळी लिलावाचा हॉल, १८९६ सालचा. ओव्हेलग्योनला उतर. तिथे जुन्या बोटींचं छोटं बंदर आहे, पायलट आणि कप्तान राहायचे ती ठेंगणी घरं आहेत, आणि नदीकाठी चक्क वाळूची पुळण. त्या पुळणीवर बसलास की समोर कंटेनर टर्मिनल. चारशे मीटर लांबीचं जहाज टगबोटी दोऱ्यांनी धरून वळवतात तेव्हा पुढच्या टगचा दोर कसा ताणला जातो, पाणी कसं ढवळून तपकिरी होतं, सगळं हाताच्या अंतरावरून दिसतं. आवाज मात्र फारसा नाही. एवढा मोठा कारभार, पण धक्क्यावर माणूस दिसत नाही. तू हे बघताना काय बोलशील ते ऐकायची मला उत्सुकता आहे.

१९६८ साली समोरच्या बुर्खार्डकाय धक्क्याला पहिलं निव्वळ कंटेनरांचं जहाज लागलं. त्यानंतर इथल्या गोदी कामगारांचं काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको, मुंबईत तू तेच बघितलंस. त्याच्याही पलीकडे आल्टेनव्हेर्डर नावाचं टर्मिनल आहे, २००२ साली सुरू झालं, तिथे कंटेनर वाहणाऱ्या गाड्या ड्रायव्हरशिवाय धावतात. त्या जागी आधी कोळ्यांचं आणि बागाईतदारांचं गाव होतं. बंदर वाढवायला ते सगळं उठवलं. उरलं फक्त चर्च आणि दफनभूमी, टर्मिनल आणि हायवे ह्यांच्या मधे, झाडांत. न्हावा-शेव्याचं बंदर होताना शेवा कोळीवाडा उठला, त्या माणसांची तुला आठवण येईल. मला दर वेळी येते.

आता श्पायखरश्टाट, म्हणजे गोदामांचं शहर. इथे निदान एक पूर्ण दिवस दे. लाल विटांची सहा-सात मजली गोदामं, दीडेक किलोमीटर लांब पट्टा, मधून कालवे, आणि सगळं लाकडी खांबांवर उभं, कारण खालची जमीन भुसभुशीत. २०१५ पासून हे जागतिक वारसा यादीत आहे. का बांधलं ते ऐक. हॅम्बुर्ग शेकडो वर्षं स्वतःच्या मर्जीने व्यापार करणारं स्वतंत्र शहर होतं. नवं जर्मन साम्राज्य झाल्यावर त्याला जकात संघात यावं लागलं. व्यापाऱ्यांनी घासाघीस करून एक सवलत मिळवली, की बंदराचा एक भाग जकातमुक्त राहील. तिथे माल उतरवा, साठवा, निवडा, भाजा, पुन्हा जहाजावर चढवा, जकात नाही. अशा जागेत गोदामं हवीत म्हणून शहराच्या पोटातल्या दोन वस्त्या पाडल्या. सुमारे २० हजार माणसं उठली. श्रीमंत व्यापाऱ्यांची जुनी घरंही त्यात गेली, पण जास्तीत जास्त गेली ती बंदरात राबणाऱ्यांची खुराडी, आणि त्यांना भाडं परवडेल अशी जागा जवळपास कुठे नव्हती. १८८८ च्या ऑक्टोबरात कैसर दुसरा विल्हेल्म येऊन उद्घाटन करून गेला. तुझा व्हिक्टोरिया डॉकही १८८८ चाच, हे लक्षात आलं तेव्हा मी तुझीच आठवण काढली.

गोदामांची रचना बघ. एक तोंड कालव्याकडे, एक रस्त्याकडे. कालव्यातून सपाट तळाचे पडाव यायचे, माथ्याखाली तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं यारीचं घर, तिथून साखळी खाली, पोती वर. प्रत्येक मजल्याला उंच दारं, तिथे माणूस बाहेर झुकून झोके घेणारा माल आत ओढून घ्यायचा. कॉफी, कोको, चहा, तंबाखू, मिरी, वेलची, रबर, गालिचे. मालाची साठवण, निगराणी आणि पारख करणाऱ्यांच्या टोळ्या असत, परंपरेने चौघाचौघांच्या भागीदारीतल्या. मालकापेक्षा त्यांच्या नाकावर आणि जिभेवर व्यापाऱ्यांचा भरवसा जास्त. ह्या कामाचं छोटं म्युझियम तिथल्याच एका जुन्या गोदामात आहे. पोती ओढायचे मुठीचे आकडे, पोत्यात खुपसून कॉफीचा नमुना काढायची पोकळ सळई, वजनकाटे, शिक्के. आकड्याची लाकडी मूठ घासून घासून गुळगुळीत झालेली आहे, बोटं कुठे बसायची ते कळतं. मी तिथून लवकर निघू शकत नाही.

आणि हेही सांगतो की ही सगळी भरभराट होत असताना उचलणाऱ्यांचे हाल होते. १८९२ साली इथे कॉलरा आला. शहर एल्बचं न गाळलेलं पाणी पीत होतं. साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली, त्यात दाटीवाटीच्या बोळांतली सगळ्यात जास्त. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख स्वतः येऊन ती घरं बघून हादरला होता. चार वर्षांनी, १८९६ च्या नोव्हेंबरात, बंदराचा संप झाला. १६ हजारांहून जास्त कामगार उतरले, ऐन थंडीत अकरा आठवडे टिकले आणि हरले. गोदामांच्या सुंदर फोटोंत हे दिसत नाही, म्हणून लिहिलं. आपल्याकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक बुजवले. निदान एखादं गोदाम तरी असं राखायला हवं होतं, तुझ्या पिढीची हत्यारं, बिल्ले, हजेरीबुकं जपून. अजूनही वेळ गेलेली नाही असं मला मनापासून वाटतं. तू आणि तुझ्या युनियनमधल्या जुन्या मंडळींनी ह्यावर काही केलंत तर मी इथून लागेल ती माहिती पाठवीन.

गोदामांपासून दहा मिनिटं चाललास की चिलेहाऊस. १९२२ ते १९२४ मध्ये फ्रिट्झ ह्योगर ह्या वास्तुशिल्पीने बांधलेली दहा मजली ऑफिसची इमारत, ४८ लाख विटांची. तिचं पूर्वेकडचं टोक जहाजाच्या नाळेसारखं निमुळतं होत जातं. फूटपाथवर अगदी त्या टोकाखाली उभा राहून वर बघ. हे पैसे आले कुठून? चिलीतल्या सोऱ्यातून. आटाकामाच्या वाळवंटात सोरा खणायचा, तो इकडे आणायचा, शेतीला खत आणि तोफांना दारू म्हणून विकायचा. त्या धंद्यात गब्बर होऊन परतलेल्या हेन्री स्लोमनने ही इमारत बांधून घेतली आणि त्या देशाचं नाव दिलं.

सोरा आणणारी जहाजंही बघायला मिळतात, आणि मला विचारशील तर हॅम्बुर्गमध्ये ह्याहून मोलाचं काही नाही. "पेकिंग" हे चार डोलकाठ्यांचं पोलादी शिडाचं जहाज, १९११ साली ब्लोम उंड फॉसमध्ये लाइस कंपनीसाठी बांधलं, ११५ मीटर लांब. आगबोटी राजरोस धावत होत्या त्या काळातही शिडाची जहाजं सोऱ्यासाठी परवडत होती, कारण वारा फुकट होता आणि सोऱ्याला घाई नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून ही जहाजं जा-ये करायची. तिथला वारा आणि लाटा ह्यांच्यात बर्फाळ दोरांवर चढून शिडं गुंडाळणारी पोरं सतरा-अठरा वर्षांची असत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नाकेबंदी केली, जर्मनीने हवेतल्या नायट्रोजनपासून खत आणि दारूगोळा करायचा कारखानदारी मार्ग धरला, आणि सोऱ्याचं महत्त्व ओसरत गेलं. १९३२ मध्ये "पेकिंग" इंग्लंडला विकलं गेलं, तिथे अनेक वर्षं मुलांचं शिक्षणजहाज होतं, मग न्यूयॉर्कला म्युझियमच्या धक्क्याला गेलं आणि तिथे हळूहळू गंजत राहिलं. शेवटी जर्मन सरकारने पैसे मंजूर केले. २०१७ मध्ये एका मोठ्या गोदीजहाजाच्या पोटात घालून ते अटलांटिकपार आणलं, तीन वर्षं दुरुस्त केलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये टगबोटींनी हॅम्बुर्गला आणलं. त्या दिवशी काठावर लोक दाटीने उभे होते. सध्या ते जुन्या जकातमुक्त बंदरातल्या बंदर म्युझियमच्या धक्क्याला आहे. तू डेकवर उभा राहून डोलकाठीच्या बुंध्याला हात लाव आणि वर बघ, मग बोलू.

लाइसच्या जहाजांची नावं पी अक्षरावरून असत: "पामीर", "पासाट", "पादुआ". "पामीर" १९५७ साली अटलांटिकमध्ये वादळात बुडालं, तेव्हा ते लाइसकडे नव्हतं, शिकाऊ पोरं घेऊन धान्य आणत होतं. ८६ जणांपैकी सहाच वाचले. तुझे वडील तांडेल होते, तुला ह्यातलं दुःख लगेच भिडेल.

लांडुंग्सब्र्युकनच्या आसपास आणखी दोन म्युझियम जहाजं धक्क्याला लावून ठेवलेली आहेत. "रिकमेर रिकमेर्स" १८९६ चं, तीन डोलकाठ्यांचं, पहिल्या महायुद्धात पोर्तुगीजांनी ताब्यात घेतलं आणि १९८३ मध्ये घरी परत आलं. दुसरं "काप सान डिएगो", १९६१ चं मालवाहू. हे अजून चालतं. तुझ्यासाठी हेच जास्त जवळचं, कारण कंटेनरच्या आधीचं, डेरिक आणि विंचचं, म्हणजे स्वतःच्याच यारीने माल चढवणारं-उतरवणारं जहाज. खालच्या कप्प्यांत जाता येतं, इंजिनरूममध्येही. तू वहिनींना सगळं समजावून सांगशील आणि त्या तासाभराने कॉफीसाठी वर जातील, हे मला आत्ताच दिसतंय.

धक्क्याच्या शेजारी घुमटाची इमारत आहे, तिथून एल्बच्या खालून जुना बोगदा जातो. १९११ चा, ४२६ मीटर लांब, २४ मीटर खोल. पलीकडे जहाज बांधणी कारखाने, अलीकडे कामगारांची वस्ती, आणि धुक्यात, बर्फात फेरीबोटी बंद पडायच्या, म्हणून हा खणला. नदीच्या पोटात दाबाखालच्या हवेत काम करताना कितीतरी मजूर आजारी पडले, काही जीवाला मुकले. मोठ्या लिफ्टने खाली उतर. भिंतींना फिकट टाइल्स, आणि अधूनमधून मातीची चमकदार उठावचित्रं: मासे, खेकडे, शिंपले, एके ठिकाणी टाकून दिलेल्या बुटापाशी उंदीरसुद्धा. कामावर जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना काही तरी हवं असा विचार कुणी तरी केला होता, हे मला फार आवडतं. पलीकडच्या काठावर चढून शहराकडे तोंड करून फोटो काढ, तो नजारा दुसरीकडून मिळत नाही.

मिशेलवर चढायचं तर लिफ्ट आहे. मिशेल म्हणजे सेंट मिखाएलिसचं चर्च, १३२ मीटरचा मनोरा, परतणाऱ्या खलाशांची खूण. रोज मनोऱ्यावरून चारी दिशांना ट्रम्पेट वाजवतात, सकाळी १० आणि रात्री ९ वाजता, रविवारी दुपारी १२ ला. मासळीबाजार रविवारी पहाटे, १७०३ पासून चालू आहे. आता त्यात मासळीपेक्षा केळी आणि गर्दीच जास्त, पण एकदा जाऊ. कच्च्या कांद्यासह मुरवलेल्या हेरिंगचा पाव खा. बांगड्यावर वाढलेल्या माणसाला तो पटायला वेळ लागेल.

फेडेल भागात परदेशी स्थलांतर करणाऱ्यांच्या निवासाची जागा आहे, बालीनश्टाट. ५० लाखांवर माणसं हॅम्बुर्गहून अमेरिकेला गेली, पोलंड आणि रशियातून छळ सोसून आलेले ज्यू त्यात खूप. हापाग ह्या जहाज कंपनीचा प्रमुख आल्बर्ट बालीन, स्वतः ज्यू, गरीब घरचा. त्याने कॉलऱ्यानंतर ह्या लोकांसाठी १९०१ मध्ये स्वच्छ निवास, दवाखाना, ज्यूंसाठी वेगळं स्वयंपाकघर असं सगळं बांधलं. त्यात धंद्याचा हिशेब होताच, तरी माणसं नीट जेवली आणि नीट झोपली. ९ नोव्हेंबर १९१८ ला, साम्राज्य कोसळलं त्याच दिवशी, झोपेच्या गोळ्या घेऊन तो गेला. त्याच शहरातून पुढे, १९४० ते १९४५ मध्ये, हानोफर स्टेशनावरून ज्यू, आणि सिंती व रोमा ह्या जमातींची मिळून आठ हजारांहून जास्त माणसांना छळछावण्यांकडे धाडलं. स्टेशन आता नाही. हाफेनसिटी ह्या नव्या वस्तीच्या बागेत उरलेल्या फलाटाशी स्मारक आहे, नावांसकट. तिथे आपण दोघंच जाऊ.

युद्धाच्या खुणा म्हणून सेंट निकोलाय बघ. १८७४ ते १८७६ हा १४७ मीटरचा मनोरा जगातली सर्वांत उंच इमारत होता. १९४३ च्या जुलैत दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यांत शहर जळालं, ३० हजारांहून जास्त माणसं गेली. चर्चचा मनोरा आणि थोड्या भिंती उरल्या, त्या तशाच ठेवल्यात. पुढल्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, तुझ्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेलं "फोर्ट स्टिकिन" जहाज फुटलं. तुझे काका त्या दिवशी गोदीत होते ना? ती हकीकत मला पुन्हा नीट ऐकायचीय, आणि लिहून ठेवायचीय.

एल्बफिलहार्मोनी सगळेच दाखवतात. २०१७ मध्ये उघडलेलं संगीतगृह, कोको आणि चहाच्या जुन्या गोदामाच्या डोक्यावर काचेची लाट उभी केलीय. खर्च एवढा वाढला की शहरात वर्षानुवर्षं भांडणं झाली, पण आता लोक तिला आपली मानतात. लांब, वळत जाणाऱ्या सरकत्या जिन्याने ३७ मीटरवरच्या सज्जात जाता येतं, तिथून बंदर पूर्ण दिसतं. मैफलीची तिकिटं मी बघतो, आश्वासन देत नाही.

एक दिवस वेडेलला जाऊ, एल्बच्या खालच्या अंगाला. तिथे १९५२ पासून एक प्रथा आहे. हॅम्बुर्गला येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजाला झेंडा उतरवून सलामी देतात, आणि ज्या देशाचं जहाज त्याचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर लावतात. भारतीय झेंड्याचं जहाज आलं की नदीवर "जनगणमन" ऐकू येतं. ह्याच हॅम्बुर्गमध्ये सप्टेंबर १९४२ ला नेताजी सुभाषबाबूंच्या उपस्थितीत वाद्यवृंदाने ते वाजवलं होतं, आपल्या संविधानसभेने त्याला राष्ट्रगीत ठरवण्याच्या सात वर्षांहून जास्त आधी. जहाजांच्या वेळा इंटरनेटवर कळतात. आपल्याकडचं जहाज त्या आठवड्यात असेल असं नाही, पण मी नजर ठेवून राहीन.

आता तारखांचं. ७ मे हा बंदराचा वाढदिवस, त्याच्या आसपास तीन दिवस जत्रा असते, शिडाची जहाजं ओळीने येतात, टगबोटी नाचतात. हा दिवस सम्राट बार्बारोसाच्या ११८९ च्या सनदेवरून धरतात. सनदेची जी प्रत आहे ती नंतर, तेराव्या शतकात, हॅम्बुर्गकरांनी स्वतःच तयार केलेली, हे अभ्यासकांनी केव्हाच सिद्ध केलंय, तरी वाढदिवस होतोच. गर्दी अफाट होते. तुला जत्रेत यायचं असेल तर ५ ते १० मे धर, जहाजं निवांत बघायची असतील तर १५ नंतर ये. मला वाटतं दोन्ही साधायला ५ लाच पोचावंस आणि महिना संपेपर्यंत राहावंस. वहिनींच्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे ते कळव, ब्लांकेनेझे ह्या नदीकाठच्या टेकडीवरल्या वस्तीच्या पायऱ्या चढायच्या का, ते त्यानुसार ठरवू. व्हिसाला लागणारं निमंत्रणपत्र ह्याच आठवड्यात पाठवतो. तिकिटं काढायच्या आधी फोन कर.

तुझा,
अरविंद